परत फिरण्याचा निर्णय

आखाती युद्ध सुरू असताना, २२ जानेवारी १९९१ च्या सुमारास, ब्रिटनच्या एसएएस या विशेष दलाच्या एकाच स्क्वाड्रनमधील प्रत्येकी आठ जणांच्या तीन तुकड्या पश्चिम इराकच्या वाळवंटात पाठवण्यात आल्या. तिन्ही तुकड्यांचे काम सारखेच होते: लपून राहून इराकी रसदीच्या रस्त्यांवर पाळत ठेवायची आणि इस्राएलवर स्कड क्षेपणास्त्रे डागणाऱ्या फिरत्या वाहनांची खबर द्यायची. प्रशिक्षण एकच असूनही तिघांच्या प्रमुखांनी निर्णय वेगवेगळे घेतले. लहान तुकडीत निर्णय कसा होतो हे समजून घ्यायचे असेल, तर मला यापेक्षा चांगले उदाहरण ठाऊक नाही.

दक्षिणेकडच्या तुकडीचा प्रमुख उतरला तेव्हा समोर खडीचे सपाट मैदान होते आणि उजाडल्यावर आठ माणसांना आडोसा मिळेल अशी एकही जागा दिसत नव्हती. त्याने आपल्या माणसांना त्याच हेलिकॉप्टरमध्ये पुन्हा चढवले आणि तो परत आला. मधल्या तुकडीने गाड्या नेल्या होत्या. तिलाही तो प्रदेश लपण्याजोगा वाटला नाही, आणि ती कडाक्याच्या थंडीत गाड्या हाकत सौदी अरेबियात परतली.

उत्तरेकडची तुकडी म्हणजे ‘ब्राव्हो टू झीरो’. एसएएसमध्ये मोहिमेची आखणी करताना हुद्दा बाजूला ठेवून प्रत्येकाने मत मांडायची प्रथा आहे आणि तिला ‘चायनीज पार्लमेंट’ म्हणतात. ही प्रथा मला मनापासून आवडते, कारण आठ जणांच्या तुकडीत एकाने गिळलेली शंका सगळ्यांच्या जिवावर बेतू शकते. पण सर्वांचे एकमत झाले म्हणून निर्णय बरोबर ठरतोच असे नाही. या तुकडीने गाड्या न नेता पायी काम करायचे ठरवले आणि प्रत्येकाच्या वाट्याला नव्वद किलोंहून अधिक ओझे आले. त्यातच रेडिओसाठी मिळालेल्या फ्रीक्वेन्सी चुकीच्या होत्या. एकदा शत्रूच्या नजरेस पडल्यावर या माणसांपुढे निर्णय घ्यायला फारसे काही उरलेच नव्हते. अंधारात तुकडी दुभंगली, बर्फ पडले, तिघे मृत्युमुखी पडले, चौघे कैद झाले आणि एकजण चालत सीरियात पोहोचला. जगभर नाव झाले ते याच तुकडीचे. उतरताक्षणी मागे फिरलेल्या त्या प्रमुखाची आठवण क्वचितच काढली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. आठही जण जिवंत परत आणण्यासाठी त्याला आपल्या सहकाऱ्यांच्या नजरांना तोंड द्यावे लागले असणार, आणि ते धैर्य मला गोळीबारातल्या धैर्याइतकेच मोठे वाटते.

असा निर्णय ऐन वेळी सुचत नाही, त्याचा निकष निघण्यापूर्वीच ठरलेला असावा लागतो. एप्रिल १९८० मध्ये इराणमध्ये, तेहरानच्या अमेरिकी दूतावासात ओलीस ठेवलेल्यांच्या सुटकेसाठी अमेरिकेने जी मोहीम काढली, तिच्यात आठ हेलिकॉप्टर निघाली होती आणि पुढे जायला किमान सहा हवीत हे आधीच ठरले होते. वाळवंटातल्या ठरलेल्या तळावर पाचच धडधाकट उरली, तेव्हा डेल्टा फोर्स या अमेरिकी विशेष दलाचे प्रमुख कर्नल चार्ल्स बेकविथ यांनी पाचांवर पुढे जायला नकार दिला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीही मोहीम थांबवायला संमती दिली. (पावसाळ्यात सह्याद्रीत गट घेऊन जाताना ओढ्याचे पाणी गुडघ्यावर आले की परतायचे, हे मीही पायथ्यालाच सर्वांना सांगतो, कारण शिखर दिसू लागल्यावर कोणी ऐकत नाही.) माघारीच्या तयारीत एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जण मरण पावले. तरीही पाचांवर पुढे न जाण्याचा निर्णय चुकीचा होता असे मला वाटत नाही.

मला अस्वस्थ करतो तो त्याच रात्रीचा दुसरा एक निर्णय. आठांपैकी एक हेलिकॉप्टर धुळीच्या दाट ढगात शिरले, त्याची दिशादर्शक उपकरणे बिघडली, आणि वैमानिक विमानवाहू नौकेकडे परतला. त्याच्या जागी कोणीही तेच केले असते. पण पुढे, तळावर, हवा स्वच्छ होती. रेडिओवर शांतता पाळायची असल्याने हे त्याला कोणी कळवले नाही. ते हेलिकॉप्टर पोहोचले असते, तर बेकविथ यांच्यासमोरचा आकडा सहा असता.