भांडुप ते देवरूख, रात्रभर: मागच्या सीटवरची ती हवेची गादी घेऊ नका

आधी निकाल सांगते, मग प्रवास. गाडीच्या मागच्या सीटवर अंथरायची हवेची गादी घेऊ नका. स्वस्त मिळाली तरी नको, कुणी फुकट दिली तरी नको.

आमच्याकडे ती आली गणपतीच्या आठ दिवस आधी. बिल्डिंगमधल्या दोघींनी गळ घातली, "अगं घेच, मुलं पाय पसरून झोपतात, डोळे उघडतात ते थेट गावात." दुकानदाराने २,४०० रुपये घेतले. परत आल्यावर तीच गादी, तोच राखाडी रंग, स्टेशनबाहेर १,१०० ला टांगलेली दिसली. त्यानंतर दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

रात्री दहाला निघालो. हे गाडी चालवायला, भावोजी पुढे, मागे मी, आमच्या सासूबाई आणि सात वर्षांचा चिरंजीव. गादीचा पंप सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावला, तो असा भणभणला की पहिल्या मजल्यावरच्या काकू खिडकीत आल्या. गादी फुगली आणि सीटबेल्टची बक्कलं तिच्याखाली गडप झाली. तिथेच अक्कल यायला हवी होती. "एका रात्रीचा तर प्रश्न," असं मीच म्हणाले.

पेण, वडखळ ठीक गेलं. कोलाडच्या अलीकडे पावसात रस्त्याच्या मधोमध गुरं बसलेली. वेग फार तर चाळीसचा असेल. ह्यांनी ब्रेक मारला, गाडी थांबली, पण गादीवरचा मुलगा थांबला नाही. डोकं पुढे करून तो दोन सीटच्या फटीतून सरळ हँडब्रेकवर. प्लॅस्टिकवर चादर म्हणजे घसरगुंडीच, धरायला काही नाही. ओठ फुटला, हलणारा दुधाचा दात पडला. मागच्या फळीवर ठेवलेली पितळी समई माझ्या खांद्यावरून पुढे गेली. चाळीसला हे, तर ऐंशीला काय झालं असतं, याचा हिशेब मी उरलेली रात्र करत होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेले असताना गाडीच्या अपघातात गेले, तेव्हा मागे बसणाऱ्यांच्या बेल्टवर सगळी मुंबई बोलत होती. नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी गाडीतल्या सगळ्यांनाच बेल्टची सक्ती केली. कायद्याने दंड हजार रुपये. आपण महिनाभर लावला आणि विसरलो. मीही त्यातलीच.

गादीची हवा पेट्रोल पंपावर पावसात भिजत काढली, आणि मग आला इंदापूर ते माणगाव. या टापूबद्दल मला पान पान लिहिता येईल. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात घातला. आता तिथवर आलेला रुंद रस्ता पुढे अचानक बाजारपेठेत शिरतो, माणगावात ताम्हिणी घाटातून येणारी पुण्याची गर्दी मिसळते, श्रीवर्धन-दिवेआगरवाले त्यात भर घालतात. दहाएक किलोमीटरला आम्हाला अडीच तास. क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक. झोप लागते न लागते तोच मान पुढे आदळते. रात्री बारा ते तीनच्या मधे इथे पोचणार असाल तर निघूच नका. संध्याकाळी जेवून झोपा आणि पहाटे चारला घर सोडा.

त्याच अडीच तासांत बसून झोपायचं कसं ते मात्र जमलं. मानेची ती यू आकाराची उशी उलटी घाला, उशीची उघडी बाजू मानेमागे आणि फुगीर भाग हनुवटीखाली. मान पुढेच पडते, मागे नाही. कमरेमागे टॉवेलची गुंडाळी. सासूबाईंचे पाय लोंबकळून सुजतात, म्हणून त्यांच्या पायाखाली कपड्यांची मऊ बॅग ठेवली, आणि दर दोन तासांनी त्यांना उतरवून चालवलं. कुरकुरल्या, पण सकाळी चप्पल पायात गेली.

गोधडी हवीच, पण आधी बेल्ट, मग वरून गोधडी. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं. जाड गोधडीवरून बेल्ट लावला की तो सैल राहतो. कमरेचा पट्टा मांड्यांच्या वर, कंबरेच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नको. खांद्याचा पट्टा गळ्याला काचतो म्हणून काखेतून घेऊ नका. मुलाला तो गळ्यावरच येत होता. त्याला बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी जादा सीट, लागतो, आणि झोपायचं असेल तर बाजूला कान असलेला, उंच पाठीचा. बिनपाठीच्या बूस्टरवर झोपलेलं पोर पोत्यासारखं कलंडतं. हा खर्च गादीच्या आधी करायला हवा होता.

पुढे भावोजी सीट पार आडवी करून, पाय डॅशबोर्डवर टाकून घोरत होते. दोन्ही धोक्याचं. आडव्या सीटवर बेल्ट छातीपासून सुटतो आणि धडकेत माणूस त्याखालून सरकतो. एअरबॅग डॅशबोर्डमधूनच उघडते, तिच्या वाटेत पाय असले तर ते मोडतात. सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, झोपू द्या ना." झोपू दिलं नाही. शिवाय पुढचा माणूस जागा हवा. सगळे झोपले की चालवणाराही पेंगतो, पहाटे तीन-चारला तर नक्कीच.

महाडच्या पुढे ह्यांचे डोळे मिटायला लागले तेव्हा एका ढाब्यावर थांबलो. दोन तास गाडी उभी करायचे शंभर आणि खाटेचे माणशी दीडशे मागितले. खाट ओली. गाडीतच झोपलो. ह्यांना एसी चालू ठेवायचा होता, मी किल्लीच काढून घेतली. बंद काचांच्या उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. धूर आत आला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, जाग येत नाही. काचा चार बोटं खाली आणि फटीवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, चिमट्यांनी अडकवलेला. तो तुकडा घरून न्या. अख्ख्या प्रवासात सगळ्यात उपयोगी वस्तू तीच, आणि ती फुकटची.

गावचे पाच दिवस झकास. परतीला पहाटेच निघालो, समई पायाशी, सगळे बेल्टमध्ये, मुलगा कशेडीच्या बोगद्यातही उठला नाही.

दात गादीच्या घडीत सापडला. गादी माळ्यावर आहे.