बाकावर स्त्री

गुरुवार, रात्रीचे पावणेतीन

झोप लागत नाहीये. अकरा ते एकची गस्तीची पाळी होती, ती संपवून घरी आले, पडलेही. पण ते पान डोळ्यांपुढून हलेना. शेवटी उठून दिवा लावला.

पाळी बदलताना केबिनमधल्या कपाटात वह्या नीट लावत होते. गस्तीच्या नोंदवह्या, आता चौथी भरत आली. नवीन वहीला रकाने आखायचे म्हणून नमुन्याला तिसरी हातात घेतली आणि ती मधूनच कुठेतरी उघडली.

०१.५० टाकीजवळचा बाक. स्त्री. एकटी. अंगावर शाल. हालचाल नाही.
०२.१५ तिथेच आहे.
०२.४० उठून गेली. आतल्या बाजूला.

'कोणाला कळवले' या रकान्यात एक आडवी रेघ. खाली दोन सह्या.

तारीख बघायची गरज नव्हती, तरी बघितली. ती मीच.

शाल ताईची होती. त्याबद्दल आज नाही लिहायचं.

वही घरी घेऊन आले, आत्ता समोर आहे. अक्षर नानांचं. 'टाकीजवळचा' मधला ळ त्यांच्यासारखा दुसरं कुणीच काढत नाही, दोन गोल एकमेकांत अडकवलेले, दुमडलेल्या चष्म्यासारखे. दुसरी सही लागत नाही. उलटसुलट करून बघितली, दिव्याखाली धरून बघितली. पहिलं अक्षर म असेल किंवा भ.

स्त्री. मला तो शब्द गिळताच येत नाहीये. नाना मला १९ वर्षं ओळखतात. धाकटी सायकल शिकत होती तेव्हा सीट धरून मागून पळायला हाच माणूस होता, मी नव्हते. आमच्या दाराची किल्ली दोन वर्षं त्यांच्या खिळ्याला टांगलेली होती. आणि त्या रात्री, जिच्या आधीची संध्याकाळ मला अजून नीट आठवतही नाही, त्या रात्री मी त्यांना 'स्त्री' दिसले. एकटी. हालचाल नाही. बेवारस सामानाची नोंद करावी तसं.

पन्नास मिनिटं. कुणीतरी पन्नास मिनिटं मला बघत होतं आणि "वहिनी, बऱ्या आहात ना?" एवढंही कुणाच्या तोंडून निघालं नाही. मला वाटत होतं, मी एकटी बसले आहे. एकटी असणं सोसता येतं. पण आपण एकटे नव्हतो आणि तरीही कुणी आलं नाही, हे कळल्यावर काय करायचं असतं?

---

लिहिताना थांबले होते. पाणी पिऊन आले.

खरं सांगायचं तर रागवायला जागा नाही. तो रकाना मी आखलाय. नियमही बहुतेक माझेच. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी लिहिलं होतं, 'संशयास्पद इसम फिरताना आढळला', आणि तो इसम निघाला मागच्या गल्लीतला, दुसऱ्या पाळीवरून घरी परतणारा मुलगा. त्याच्या आईनं मला ते रस्त्यात थांबवून ऐकवलं होतं. तेव्हा मी बैठकीत जोर लावून सांगितलं की 'संशयास्पद' हा शब्द या वहीत पुन्हा यायचा नाही. माणसाबद्दल आपलं मत लिहायचं नाही, जे दिसलं ते लिहायचं. काय करत होता, कपडे काय, उंची साधारण किती, कुठल्या दिशेनं गेला, गाडी असेल तर नंबर. खात्री असल्याशिवाय नाव नाही.

आणि जवळ जायचं नाही. यावर तर मी भांडले होते. काठ्या घेऊन फिरायचं म्हणणारे दोघंतिघं होते, त्यांना मी २०१२ चं सॅनफर्डचं प्रकरण सांगितलं. फ्लोरिडात वस्तीचा पहारा बघणारा एक स्वयंसेवक, त्यानं एका पोराला 'संशयित' म्हणून हेरलं, पोलिसांना फोन लावला. फोनवर त्याला सांगितलं गेलं की पाठलाग करायची गरज नाही. तरी प्रकरण हातघाईवर गेलं आणि त्यानं गोळी झाडली. ट्रेव्हॉन मार्टिन, वय १७, हातात शस्त्र नाही, दुकानातून परत येत होता. खटल्यात तो स्वयंसेवक निर्दोष सुटला, पण पोरगं गेलं ते गेलंच. "ते तिकडचं," असं कुणीतरी म्हणालं. मग मी राईनपाडा म्हणाले, आणि खोलीत कुणी बोलेना. धुळे जिल्हा, २०१८ चा १ जुलै. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा, आणि भिक्षा मागत फिरणारी ५ माणसं जमावानं मारून टाकली. "आपण काय तसले आहोत का?" असं एक काका हळूच म्हणाले. मी म्हटलं, आदल्या दिवशी तिथंही कुणाला तसं वाटलं नसणार.

म्हणून ठरलं. काठी नाही, पाठलाग नाही, अडवणं नाही, ओळखपत्र मागणं नाही. दोघांनी मिळून फिरायचं. बघायचं, लिहायचं, गरज वाटली तर ११२ ला फोन करायचा. आपण पोलीस नाही, आपण फक्त जागे आहोत. हे वाक्य माझंच, आणि मला ते फार आवडलं होतं.

मग नानांनी वेगळं काय केलं? बघितलं. लिहिलं. मत दिलं नाही. अक्षरशः मी शिकवलं तसं.

पण ओळखीच्या माणसाला हाक मारू नका, असं मी कुठे शिकवलं होतं?

की त्यांनी ओळखलंच नाही? हे पटत नाही. त्या बाकावर थेट दिवा पडतो. मला ते दिसले नाहीत, हे मात्र खरं असणार. उजेडात बसलेल्याला अंधारातलं काही दिसत नाही, भिंत असल्यासारखं. गस्तीला लागल्यावर पहिल्यांदा हेच ध्यानात येतं. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि बॅटरीचा एक झोत डोळ्यांत गेला की ती सगळी कमाई क्षणात जाते. म्हणून आम्ही बॅटरी विझवून चालतो, लागली तर पायापाशी, जमिनीकडे धरून. अंधारात उभ्या माणसाला उजेडातला चेहरा लख्ख दिसतो. भुवया कुठे उंचावल्या तेही. तेव्हा नानांना दिसलं असणारच. मी रडत होते का, तेही त्यांनाच ठाऊक. मला आठवत नाही.

दोघं होते, याचाही राग येतोय. कारण दोघं असले की काय होतं, तेही मला माहीत आहे. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोवीज नावाच्या मुलीचा तिच्याच इमारतीपाशी खून झाला. पेपरात आलं, ३८ शेजाऱ्यांनी बघितलं आणि कुणी काही केलं नाही. त्यावरून डार्ली आणि लटाने या दोघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, तो १९६८ मध्ये छापून आला. शेजारच्या खोलीतल्या माणसाला फिटचा झटका आलाय आणि ते ऐकणारे आपण एकटेच, असं वाटलं तेव्हा १०० पैकी ८५ जण तेवढ्यात मदतीला उठले. आपल्याबरोबर आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा फक्त ३१. दुसरा बघेल की. नाना म्हणाले असतील, हा जाईल. हा म ऊर्फ भ म्हणाला असेल, नाना मोठे आहेत, ते जातील. आणि मी बसलेली.

पण त्या ३८ जणांच्या गोष्टीचा पुढचा भाग मी बैठकीत सांगितला नव्हता. तो सांगितला तर आधीच्या गोष्टीची धार जाते, असं मला वाटलं होतं. ती बातमी फुगवलेली होती. इतक्या जणांनी सगळं बघितलं, असं काही नव्हतं. बहुतेकांना नुसते ओरडण्याचे तुकडे ऐकू आले होते. ज्या पेपरानं ती छापली त्यानंच पुढे २०१६ मध्ये तिच्यातल्या चुका मान्य केल्या. आणि एक शेजारीण खाली धावली होती. सोफिया फरार. मारणारा अजून जिन्यात आहे की गेला, याचा पत्ता नसताना गेली आणि त्या पोरीला धरून बसली. इतकी वर्षं ती त्या गोष्टीत कुठेच नव्हती.

हे आत्ता का आठवलं? मी पण अर्धीच गोष्ट वाचतेय का?

---

सव्वातीन.

ते पान पुन्हा वाचलं. या खेपेला माझ्या तीन ओळी सोडून वरचं आणि खालचं वाचलं.

एक ते तीनच्या पाळीत फेऱ्यांचा क्रम ठरलेला आहे. पुढचं गेट, टाकी, मागचं फाटक, ट्रान्सफॉर्मर, पुन्हा पुढचं गेट. एका फेरीला वीस-पंचवीस मिनिटं. प्रत्येक ठिकाणी पोचलं की वेळ टाकायची, काही नसलं तर 'ठीक' लिहायचं. त्या रात्रीची पहिली फेरी तशीच आहे. ०१.०५, ०१.१२, ०१.२०, ०१.२६. ठीक, ठीक, ठीक, ठीक. दुसऱ्या फेरीत ०१.४५ ला गेट ठीक. मग ०१.५० ला टाकी, आणि मी.

त्यानंतर मागचं फाटक यायला हवं होतं, दोनच्या आसपास. नाहीये. ट्रान्सफॉर्मर नाही. गेट नाही. ०२.१५, तिथेच आहे. ०२.४०, उठून गेली. आणि मग ०२.५०, मागचं फाटक, ठीक.

म्हणजे दोघं हललेच नाहीत. फेरी पुरी करून परत येऊन मला बघून गेले नाहीत. ते तिथेच उभे होते, टाकीच्या अंधारात, पन्नास मिनिटं. आणि मागचं फाटक दीड तास उघड्यावर होतं. तेच मागचं फाटक, जिथून दोनदा कुणीतरी आत शिरलं होतं आणि ज्याच्यामुळे ही सगळी गस्त सुरू झाली.

आणि आता मला ती बैठक आठवतेय. मी पंधरा दिवसांनी पहिल्यांदाच गेले होते, कडेच्या खुर्चीवर बसले होते. तेव्हा वही तपासायचं काम दुसऱ्याकडे होतं. त्यांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं की अमुक तारखेला एक ते तीनच्या पाळीत मागच्या फाटकाची फेरी चुकली आहे. बाकीचं वाचलं नाही, तेवढंच. नाना उठून उभे राहिले. उभं राहायची काही गरज नव्हती, बसूनही बोलता आलं असतं. "माझी चूक," म्हणाले. "पुन्हा नाही होणार." माझ्याकडे बघितलंही नाही. मी दोन खुर्च्या सोडून होते.

आणि मी काय बोलले, तेही आठवतंय. "निदान मागचं फाटक तरी सोडू नका हो. तेवढं तरी पाळू या."

नाना म्हणाले, "बरोबर आहे वहिनींचं."

नाव का लिहिलं नाही, ते कळलं बहुतेक. वही सगळे वाचतात. नाव लिहिलं असतं तर त्या बैठकीत मीही वाचली गेले असते. आणि काहीच लिहिलं नसतं तर पाळीत खोटं लिहिल्यासारखं झालं असतं, ते त्यांच्याच्यानं व्हायचं नाही. म्हणून स्त्री.

हाक का मारली नाही, ते अजून नाही कळलं. मारली असती तर मी काय केलं असतं? बहुधा "काही नाही नाना, उकडत होतं," म्हणून उठून आत गेले असते. आणि आत जायचंच तर नव्हतं मला त्या रात्री.

झोपते.

रविवार

काल एक ते तीन. पाळी बदलून घेतली, मुद्दाम नानांबरोबर. दोन वेळा टाकीपाशी आलो. ते नेहमीसारखे बॅटरी विझवून थांबले, बाक रिकामा, दिव्याभोवती पाखरं. विचारायचं ठरवून गेले होते, शब्दही जुळवून ठेवले होते. आयत्या वेळी त्यातलं एकही आठवेना.

म्हटलं, "नाना, या बाकावर रात्रीचं चांगलंच गार लागत असेल, नाही?"

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "लागतं. शाल होती म्हणून बरं."

मी त्यांच्याकडे बघितलं. अंधारात काही दिसत नव्हतं, नुकतीच वही लिहायला मी बॅटरी लावली होती.

"चला," ते म्हणाले, "फाटक राहायचं."

०२.०३ मागचं फाटक. ठीक.