काय जातं ते विचारा

"मासे बंद, साखर बंद, रोज सकाळी गव्हांकुराचा रस." शेजारच्या काकी आज आईला बजावून गेल्या. आई समोर उकड्या तांदळाची पेज खात होती. लाकडी चमच्याने, कारण केमो सुरू झाल्यापासून स्टीलचा चमचा तोंडात घातला की तिला चावी चोखल्यासारखं वाटतं.

काकी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "काय खाऊ नको ते सगळे सांगतात. काय जातं ते कोणी विचारत नाही."

ते दिवसभर डोक्यात राहिलं.

आहारतज्ज्ञ बाईंनी तर उलटच सांगितलंय. वजन घटू द्यायचं नाही, प्रथिनं हवीतच. मासे, अंडी चालतात, फक्त पूर्ण शिजलेली. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, संसर्ग पटकन होतो, म्हणून कच्चं आणि उघड्यावरचं टाळायचं (घरी काढलेला कच्चा रससुद्धा त्यातच आला, पण काकींना कोण सांगणार!). साखर सोडली म्हणून कॅन्सरची गाठ उपाशी मरत नाही, शरीर ग्लुकोज कुठूनही बनवतं.

बांगडा तळायला घेतला की वासानेच आई खोलीचं दार लावते. तोंड आलंय, त्यामुळे सोलकढीही झोंबते. नाचणीचं तिजण मात्र गार करून दिलं की जातं. गार पदार्थाला वास कमी. एका वेळी अर्धी वाटी, मग दोन तासांनी पुन्हा.

उद्या मामी येणार आहे. कारल्यांची पिशवी घेऊन, असा माझा अंदाज.

वास न येणारं, प्रथिनं असलेलं काही सुचतंय का कोणाला? रस सोडून.