क्वालालंपूरच्या बुफेत धुळवडीचं मटण

रमजानच्या महिन्यात मलेशियात हॉटेलच्या बुफेला जाणार असाल तर बाकीचं पुढे सांगतो, आधी हे ऐका. अजान व्हायच्या आधीच्या पंधरा मिनिटांत आख्ख्या भाजलेल्या बोकडाच्या काउंटरवर नंबर लावू नका. मी लावला. त्याचंच हे रामायण.

२०२५ ची धुळवड १४ मार्चला, शुक्रवारी होती. आम्ही दोघं तेव्हा मुलाकडे होतो, क्वालालंपूरला लागून असलेल्या पेटालिंग जयात. कोल्हापुरात असतो तर सकाळी सहाला पिशवी घेऊन मटणाच्या दुकानासमोर उभा असतो. धुळवडीची ती रांग मी वर्षानुवर्षं चुकवलेली नाही. इथे सकाळी उठून काय, तर टोस्ट. माझं तोंड बघून मुलगा म्हणाला, "आबा, सध्या रमजान आहे. संध्याकाळी हॉटेलांत मोठा बुफे असतो. आख्खं बोकड भाजून ठेवतात." मग दुसरं काही ऐकायची गरजच उरली नाही.

बुकिंग मुलानं मोबाईलवरून केलं, पैसे आधीच भरले. त्यात सांगण्यासारखं काही नाही, एक सवलतीचं सोडलं तर. साठीच्या पुढच्यांना तिकडे 'वार्गा एमास' म्हणतात, म्हणजे सोन्याचे नागरिक. दर कमी होता, म्हणून मी खुशीत पासपोर्ट काढला. काउंटरवरची मुलगी गोड हसली आणि म्हणाली, ही सवलत मायकाडवाल्यांना, मायकाड म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र. म्हणजे आमचं सोनं तिथे चालत नाही. तुम्ही जाल तेव्हा आधी विचारून घ्या, सगळीकडे तसं असेलच असं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सहा-चाळीस झाले होते. अजान साडेसातला दोन-तीन मिनिटं कमी असताना होणार होती. तोवर पानात वाढून घ्यायचं, पण घास उचलायचा नाही. मुसलमान नसलेल्यांना कुणी अडवत नाही, पण सगळा हॉल थांबलेला असताना आपण कसं चावायचं? घरी नैवेद्य दाखवेपर्यंत पोरं ताटाकडे बघत बसतात, तशी दोन-तीनशे माणसं भरल्या ताटांसमोर गप बसली होती. लहान पोरंसुद्धा.

वेटरनं येऊन विचारलं, "कुर्मा?" मी म्हटलं, नको, आधी मटण. तो गोंधळला. सूनबाई हसायला लागली. मलय भाषेत खजुरालाही कुर्मा म्हणतात आणि आपल्या कोर्म्यासारख्या रश्श्यालाही कुर्माच. त्याच्या हातात खजुरांची वाटी होती.

सात-दहाला मी उठलो. हॉलच्या मधोमध दिव्याखाली ते बोकड होतं, आख्खं, आडवं, तांबूस-काळं. त्याला 'कांबिंग गोलेक' म्हणतात. गोलेक म्हणजे लोळवणं, गडगडवणं. विस्तवावर गोल फिरवत भाजलेलं, म्हणून ते नाव. कांबिंग म्हणजे शेळीही आणि मेंढीही. वरची चरबी बघून मी लांबूनच ओळखलं की हे मेंढरू आहे. मुलगा म्हणाला, "आबा, कशाला चौकशा?" चौकशा का नकोत? मटण घेताना पहिला प्रश्न तोच असतो.

माझ्यापुढे अठरा माणसं होती. मोजली. कापणारा एकटाच. पंचविशीचा पोरगा, डोक्यावर पांढरी टोपी, हातात मोजे आणि लांब पात्याची सुरी. आपला खाटीक ओंडक्यावर सत्तूर घालतो, हाड तुटल्याचा आवाज येतो, जिवाला बरं वाटतं. हा हाडाच्या कडेकडेनं हळूहळू पातळ काप काढत होता, जणू केक कापतोय. त्यात एकेक माणूस घरच्या सगळ्यांच्या प्लेटी घेऊन आलेला. माझ्यापुढच्या बाईकडे चार प्लेटी होत्या. चौथ्या प्लेटीपर्यंत तिनं माझी नजर टाळली.

माझं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. मागच्या पायाची नळी. अजून शाबूत होती.

माझा नंबर आला. मी प्लेट पुढे केली, नळीकडे बोट दाखवलं. पोरानं मान हलवली, सुरी टेकवली आणि स्पीकरवर अजान सुरू झाली.

त्यानं सुरी खाली ठेवली, मोजे काढले, "सेकेजाप, अंकल," म्हणाला आणि मागच्या दारानं गेला.

हे माझ्या डोक्यात आधी यायला हवं होतं. त्याचाही रोजा होता. पहाटे सहाच्या सुमारापासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता आणि त्या अवस्थेत तो दुसऱ्यांना मटण कापून देत होता. मी चार वाजता सौ.च्या हातचं थालीपीठ खाल्लेलं. हे सगळं मला उभ्या उभ्या कळत होतं, तरी चिडचिड जाईना. खोटं कशाला बोलू.

आता अवस्था बघा. सगळा हॉल बसून खातोय. चमच्यांचा आवाज. आणि मधोमध रिकामी प्लेट घेऊन मी एकटा, मेंढरासमोर, फोटो काढून घ्यायला उभा राहिल्यासारखा. माझ्या मागे होते त्या दोघांनी आपापल्या प्लेटी काउंटरच्या कडेला ठेवल्या आणि खुशाल जेवायला गेले. ती तिथली पद्धत. पण प्लेट ठेवून नंबर लावणं माझ्या बुद्धीला पटत नाही. आमच्याकडे रांगेत पिशवी ठेवून चहाला गेलं की परत येईपर्यंत पिशवी गटारीकडेला असते.

पाच मिनिटं झाली. दुसरा एक वेटर जाताना दिसला. त्याला विचारलं. "सेकेजाप." दहा मिनिटं झाली. टोपीवाली एक बाई आली, जरा अधिकाऱ्यासारखी वाटली. तिनं घड्याळ बघितलं, मेंढरू बघितलं, मला बघितलं आणि म्हणाली, "सेकेजाप." मुलाला लांबून खुणेनं विचारलं, हे काय? तो येऊन सांगून गेला: से म्हणजे एक आणि केजाप म्हणजे डोळ्यांची उघडझाप. मी तोवर पाच-सहाशे उघडझापा केल्या असतील. सुरी समोरच पडलेली. चारचौघांची लाज होती म्हणून, नाहीतर नळी काढायला मला दोन मिनिटं पुरली असती.

शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा उठून आले. काही न बोलता त्यांनी माझ्या प्लेटीत तीन खजूर ठेवले आणि हातात गुलाबी दुधाचा पेला दिला. 'सिराप बांडुंग', गुलाबाच्या सरबतात दूध. खजूर मी उभ्यानंच खाल्ले. बरे होते. सरबत मात्र फार गोड, आपल्या फालुद्याच्या तळाशी उरतं तसं.

पंचवीस मिनिटांनी पोरगा आला. तोंड धुतलेलं, चेहरा उजळलेला. नमाज पढून आला होता. मी प्लेट उचलली, तेवढ्यात बाजूनं एक म्हातारी आली आणि त्यानं तिला "नेनेक" म्हणून आधी वाढलं. आजीला आधी देणं बरोबरच आहे. पण मी दोन्ही हातांनी प्लेट पुढे सरकवली, तेही खरं. मग स्वतःच्या नडगीवर टिचकी मारून दाखवली. पोरगा खळखळून हसला. "अंकल, इंडिया?" मी म्हटलं, कोल्हापूर. त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण नळी सांध्यातून मोडून दिली, वर दोन फासळ्या.

इथली युक्ती मला नंतर समजली. अजान झाली की लोक खजूर, पाणी, चार घास घेतात आणि बरेच जण हॉटेलच्या 'सुराव'मध्ये, म्हणजे नमाजाच्या खोलीत जातात. त्या अर्ध्या तासात बाकीची सगळी काउंटरं मोकळी असतात. सूनबाईनं त्या वेळात साते आणला, म्हणजे काडीला लावून भाजलेलं मांस, शेंगदाण्याच्या दाट चटणीसकट, सारण भरलेल्या पराठ्यासारखा मुर्ताबाक आणला, आणि तिचं अर्धं जेवण झालंसुद्धा. आणि हो, कापणाऱ्याला हाक मारायची तर 'अबांग' म्हणा, म्हणजे दादा. मी "हॅलो, हॅलो" करत होतो.

मटण कसं होतं? मऊ. बोटानं सुटत होतं. धुराचा वास चांगला आत गेलेला. पण सोबत मिऱ्याचा काळा सॉस आणि पुदिन्याचा हिरवट गोड सॉस. मटणाला गोड! खिशात कांदा-लसूण मसाल्याची पुडी होती, ती उघडली. मग धुळवड झाल्यासारखी वाटली.

पण खरं सांगायचं तर त्या दिवशीचा सगळ्यात भारी पदार्थ रांगेशिवाय मिळत होता. 'इतिक सालाई मासाक लेमाक चिली आपी'. धुरावलेलं बदक, नारळाच्या दुधात, हळद आणि बारक्या जहाल मिरच्या. मूळ नेगेरी सेंबिलान राज्यातलं. पांढऱ्या रश्श्याला हळद लावावी आणि त्यात लवंगी मिरची सोडावी, असं काहीसं. पहिला घोट गोडसर, मग कानातून वाफा. मी दोनदा घेतलं.

जे बीफ खात नाहीत त्यांनी 'डागिंग' हा शब्द पाठ करून जा. अर्थ नुसतं मांस, पण पाटीवर डागिंग असलं की बहुतेक वेळा बीफच. रेंडांग दिसायला आपल्या सुक्या मटणासारखं असतं, भाजून वाटलेलं खोबरंही त्यात असतं, म्हणून हात जातो. रेंडांग आयाम असेल तर कोंबडी. बुबुर लांबुक नावाची मसालेदार पेज असते, तीतही बहुधा बीफ असतं. शाकाहारी माणसांचं तर अवघड आहे. भाजीच्या नावाखालीही सुकी कोळंबी किंवा 'बेलाचान' असतं, म्हणजे कोळंबी आंबवून केलेला गोळा. वास आपल्या जवळ्याच्या चौपट.

सौ.चं माहेर कुडाळचं. तिनं 'आसाम पडास' नावाचं आंबट-तिखट माशाचं कालवण चाखलं आणि म्हणाली, "अहो, यात आमसूल आहे." मी म्हटलं, इथे कुठलं आमसूल. आचाऱ्याला विचारलं तर त्यानं वाळक्या चकत्या आणून दाखवल्या. 'आसाम कपिंग'. मुलानं मोबाईलवर बघितलं: गार्सिनिया कुळातलंच फळ, कोकमाचं चुलत भावंड. त्यानंतर तिनं पूर्ण संध्याकाळ माझ्याकडे जिंकल्यासारखं बघितलं. निळा भात दिसला तेव्हाही तिनंच ओळखलं, गोकर्णाची फुलं. आम्ही ती देवाला वाहतो, तिथे 'नासी कराबू'साठी त्यात तांदूळ रंगवतात. गोडात 'कुइह केतायाप' म्हणून हिरवी गुंडाळी होती, आत खोबरं आणि ताडगूळ. मोदकाचं सारण धिरड्यात भरल्यासारखं. तिनं चार खाल्ले.

नऊच्या सुमारास मी सहज मधोमध बघितलं. दुसरं आख्खं मेंढरू येऊन बसलं होतं, आणि समोर एकही माणूस नाही. पोरगा सुरी पुसत उभा. मला बघून त्यानं हात वर केला, "अंकल, तांबा?" म्हणजे अजून वाढू का. पोटात जागा नव्हती. तरी प्लेट घेऊन गेलो, धुळवड वर्षातून एकदाच येते. बोट दाखवायच्या आधीच त्यानं नळी शोधली आणि मोडून वाढली. एका संध्याकाळी दोन नळ्या. कोल्हापुरात माझा नेहमीचा खाटीक दोन किलोलासुद्धा एवढं करत नाही.