हागिया सोफिया १:२०० : दोन प्लॅन जुळत का नव्हते

अखेर उलगडा झाला! इस्तंबूलच्या हागिया सोफियाचं १:२०० मापाचं मॉडेल करायचं चाललंय. तळमजल्याच्या प्लॅनवर गॅलरीचा, म्हणजे वरच्या मजल्याचा, प्लॅन ठेवला की चारही मुख्य खांब सरकतात, हे मागच्या नोंदीत आलंच आहे. तेव्हा दोष जुन्या कागदाला आणि स्कॅनला दिला होता. पण सरकलेत ते इमारतीचे खरे खांब.

घोळ क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या थिन प्लेट स्प्लाइन या रूपांतराचा. कंट्रोल पॉइंट (दोन प्लॅन जुळवायला दिलेले बिंदू) खांबांच्याच कोपऱ्यांवर दिले होते. हे रूपांतर दिलेला प्रत्येक बिंदू ओढून जागेवर बसवतं. त्यामुळे एरर शून्य दिसते आणि खांबांचा कल पुसला जातो. विल्यम इमर्सन आणि रॉबर्ट व्हॅन नाइस यांनी १९३७ साली सुरू केलेल्या मोजणीचं मोलच हे, की वाकडं ते वाकडंच काढलंय. तेच आपण सरळ करत बसलो होतो. मोजणीच्या शीटला स्प्लाइन लावूच नये, असं आता ठाम मत आहे.

दुरुस्ती अशी. आधी शीटवरच्या मापपट्टीवरून स्केल बसवा. मग स्प्लाइनऐवजी हेल्मर्ट हे रूपांतर निवडा. त्यात फक्त सरकणं, फिरणं आणि एकसारखं स्केल एवढंच होतं. पॉइंट घुमटापासून लांबचे घ्या: इमारतीचे चार कोपरे, नार्थेक्सची (प्रवेशाकडच्या आडव्या दालनाची) टोकं. खांबांना हात लावू नका. उरलेल्या फरकाचे बाण काढून पाहा. कागद एका दिशेला जास्त आक्रसला असेल तर बाण सगळ्या शीटभर, अंतराच्या प्रमाणात वाढत जातात. इथे ते मुख्य खांबांपाशीच मोठे आहेत आणि उत्तर-दक्षिणेला बाहेर वळलेत.

कारणही जुळतं. पूर्व-पश्चिमेला अर्धघुमट टेकू देतात, उत्तर-दक्षिणेला ते नाहीत. ५३२ ते ५३७ अशा पाचच वर्षांत काम उरकलं. विटांमधले चुन्याचे थर जाडजूड, सावकाश घट्ट होणारे. ते ओले असतानाच वरून भार आला. ५५८ मध्ये पहिला घुमट कोसळला. धाकटा इसिडोरस या स्थापत्यकाराने नवा घुमट जास्त उंच घेतला तो बाहेरचा रेटा कमी करायलाच.

म्हणून मॉडेलमधली घुमटाच्या बुडाची गोल कडी रद्द. उत्तर-दक्षिण व्यास जास्त आहे, कडी लंबगोल हवी. १:२०० ला २० सें.मी. म्हणजे १ मि.मी., डोळ्याला सहज कळतं.

मॉडेलचे खांब एकसंध एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाचे) करायचे ठरलं होतं. लिहिता लिहिता सुचलं: २ मि.मी. ग्रेबोर्डचे (जाड करड्या पुठ्ठ्याचे) थर रचले तर? एक थर म्हणजे प्रत्यक्षातले ४० सें.मी. जमीन, गॅलरी आणि कमानींचं मूळ या तीन पातळ्यांवरच्या जागा शीटवरून घ्यायच्या, मधल्या थरांचं सरकणं हिशोबाने काढायचं. ३ मि.मी.ची पितळी सळई उभीच राहील, तिचं भोक मात्र प्रत्येक थरात थोडं आत सरकेल. थरांवर नंबर कोरून घ्याच, एक जरी उलटा लागला तरी कल मोडतो. ग्रेबोर्डला लेझरची काजळी एमडीएफपेक्षा कमी लागते, हा वरचा फायदा.

आधी वायव्येचा एकच खांब कापून बघायचा. तो जमला तर बाकीचे तीन.