तुम्ही विचारलंत म्हणून : ३० टीबीची टेप १२ वरच का भरते?

भोसरीतल्या कारखान्यांची ड्रॉइंग-ऑफिसे असोत किंवा एरंडवण्यातले व्हिडिओ-एडिटर, ज्यांच्या बॅकअपची व्यवस्था मी पाहतो त्यांच्यापैकी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : एलटीओ-८ च्या (बॅकअपसाठीच्या चुंबकीय टेपच्या आठव्या पिढीच्या) कार्ट्रिजवर ३० टीबी (टेराबाइट) छापलेले असताना टेप १२ वर का भरते, आणि सेकंदाला ३६० एमबी वेग सांगितलेला ड्राइव्ह ८०-९० वरच का रेंगाळतो?

टेपची खरी क्षमता १२ टीबीच आहे. डेटा अडीचपट दाबला (कॉम्प्रेस केला) जाईल असे गृहीत धरून कंपन्या ३० छापतात. डेटाबेस किंवा मजकुराच्या फाइल्स बऱ्यापैकी दाबल्या जातात. व्हिडिओ, जेपेग आणि झिप मुळातच दाबलेले असल्यामुळे त्यांत आणखी काही निघत नाही. त्यामुळे एडिटरने १२ वर समाधान मानावे. (सॉफ्टवेअर १०.९ दाखवत असेल, तर तो १०२४ ने भागण्याचा हिशेब आहे, टेप कुठेही कमी पडलेली नाही.) मात्र दाबता येण्याजोगा डेटा असूनही १२ वरच गाडी अडत असेल, तर बॅकअप सॉफ्टवेअरमधले एन्क्रिप्शन (डेटा सांकेतिक करून कुलूपबंद करणे) तपासावे, कारण एन्क्रिप्ट केलेला डेटा ड्राइव्हला दाबताच येत नाही. एलटीओ-४ पासून ड्राइव्ह स्वतःच एन्क्रिप्शन करू शकतो आणि तो आधी दाबतो, मग कुलूप लावतो. हे काम त्याच्याकडेच सोपवावे.

टेप १२ च्याही बरीच आधी भरत असेल, तर मात्र दुखणे वेगळे आहे. ड्राइव्ह लिहिलेला भाग लगेच वाचून पाहतो आणि तो नीट उमटला नसेल तर पुढच्या जागेवर पुन्हा लिहितो, त्यामुळे मळलेले हेड (ड्राइव्हचा टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) किंवा झिजलेली टेप गुपचूप जागा खात राहते. ड्राइव्हने मागणी केली की क्लीनिंग कार्ट्रिज लावावे आणि मग कोरी टेप घालून पाहावी.

वेगाच्या बाबतीत ड्राइव्हवर आळ येतो, पण दोष बहुधा त्याच्या अलीकडचा असतो. गिगाबिट नेटवर्कमधून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच डेटा येतो, आणि लाखो बारीक फाइल्स हार्ड डिस्कवरून उचलायच्या असतील तर त्याहूनही कितीतरी कमी. ड्राइव्ह टेपची गती काही प्रमाणात उतरवून जुळवून घेतो. त्या उतरवलेल्या गतीलाही पुरणार नाही इतका हळू डेटा आला की टेप थांबते, मागे जाते, पुन्हा वेग घेते आणि तेव्हा लिहू लागते. कान दिलात तर हे ऐकू येते : सलग घरघरीऐवजी दर काही सेकंदांनी थबकणे आणि उलट फिरण्याचा आवाज. यात वेळ तर जातोच, शिवाय टेप आणि हेडही झिजतात. उपाय म्हणजे डेटा आधी स्थानिक एसएसडीवर जमवून तिथून सलग टेपवर उतरवणे, आणि ब्लॉकचा (टेपवर एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा) आकार २५६ केबी किंवा त्याहून मोठा ठेवणे. तो आकार टेपच्या लेबलवर लिहून ठेवावा, कारण पुढे परत वाचताना तो नेमका लागू शकतो.

तरीही ड्राइव्हवर संशय असेल, तर चाचणी करावी. पण नुसत्या शून्यांची फाइल लिहून नव्हे. शून्ये इतकी दाबली जातात की आकडा अवास्तव फुगतो आणि माणूस निष्कारण खूश होतो. वीस-तीस जीबींची यादृच्छिक (रँडम) डेटाची फाइल एसएसडीवर तयार करावी, ती नुसती वाचायला किती वेळ लागतो हे आधी मोजावे आणि मगच टेपवर लिहावी. कार्यालयांत सहसा दिसणाऱ्या अर्ध्या उंचीच्या एलटीओ-८ ड्राइव्हची मूळ मर्यादाच ३०० एमबी आहे, ३६० पूर्ण उंचीच्या ड्राइव्हची. तेव्हा ३०० च्या जवळपास वेग मिळाला की ड्राइव्ह निर्दोष समजून नेटवर्क आणि डिस्ककडे वळावे.

एलटीओ-९ घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की कोरे कार्ट्रिज पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह त्याची मोजणी (कॅलिब्रेशन) करतो आणि त्याला कधीकधी दोन तासही लागतात. ‘ड्राइव्ह अडकलाय’ म्हणून फोन येतात ते नेमके याच वेळी. तेव्हा बटण दाबून तो बंद करू नये.