हनुवटीला तीन टाके

माझ्या पाळणाघराची विमा पॉलिसी सोमवारी रात्री बारा वाजून एक मिनिटाने संपली. विम्याच्या कागदावर इथे अमेरिकेत वेळ अशीच छापलेली असते, 12:01. मी जागीच होते, दुसऱ्या दिवशीच्या उपम्यासाठी गाजर किसत होते. ओट्यावरच्या घड्याळात 12:02 झाले, तेव्हा एकदा मागे वळून बाहेरच्या खोलीतल्या सहा छोट्या गाद्यांकडे पाहिलं. मग उरलेलं गाजर किसलं.

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला माझं घरगुती डेकेअर आहे. यंदा अकरावं वर्ष. घर भाड्याचं, लायसन्स 'स्मॉल'. म्हणजे सहा मुलं, त्यांत दोन वर्षांखालची जास्तीत जास्त तीन. काही अटी पाळल्या तर आठ घेता येतात, पण एकटीच्या हाताने मला सहाच झेपतात. यासाठी बोटांचे ठसे दिले, टीबीची तपासणी केली, सोळा तासांचं प्रशिक्षण घेतलं, घरातलं प्रत्येक कपाट कुलुपात घातलं. सांगलीत माझ्या आत्याचं पाळणाघर होतं. तिच्याकडे परवाना म्हणाल तर दारावरची खडूने लिहिलेली पाटी.

इतक्या सगळ्या नियमांत विम्याचा नियम मात्र तिहेरी आहे. एक तर दर घटनेमागे किमान 1 लाख आणि वर्षाला एकूण 3 लाख डॉलर्सचा लायबिलिटी विमा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, घ्या. नाही तर 3 लाखांचा बाँड, म्हणजे हमी, द्या. तो दिलेली घरगुती डेकेअरवाली मी अजून पाहिलेली नाही. तेही जमत नसेल तर प्रत्येक मुलाच्या पालकाची सही असलेलं ॲफिडेव्हिट, म्हणजे प्रतिज्ञापत्र, फाईलला लावा, की या घरी विमा नाही हे मला सांगितलेलं आहे. त्या फॉर्मचं नाव एलआयसी 282. लायसन्सिंगचे, म्हणजे परवाना देणाऱ्या सरकारी खात्याचे, जवळपास सगळेच फॉर्म एलआयसी असतात. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "तिकडेही एलआयसी आहे? मग काळजी कसली?"

दहा वर्षं मी विमा भरला. शेवटचा हप्ता वर्षाचा 680 डॉलर होता. मग कंपनीने दोन महिने आधी पत्र धाडलं की घरगुती डेकेअरच्या पॉलिस्या आम्ही आता करत नाही. माझ्या एजंटने चार ठिकाणी विचारलं. दोघांनी नाही म्हटलं, एकाने उत्तरच दिलं नाही, चौथ्याने 2,150 सांगितले. मी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुमच्याकडे काही झालं म्हणून नाही हो." 2019 साली इथे एबी 218 नावाचा कायदा झाला, 1 जानेवारी 2020 पासून लागू. लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्या माणसाला त्याने वयाच्या चाळिशीपर्यंत दावा लावायची वाट दिली, आणि मुदत उलटून गेलेले जुने दावे लावायलाही तेव्हा तीन वर्षांची मुभा दिली होती. 2024 पासून घडलेल्या अत्याचारांना तर वयाची ती मर्यादाही राहिलेली नाही. कायदा हवाच होता, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण मुलं सांभाळणारा कुणीही आला की विमावाले आता पुढच्या कित्येक दशकांची जोखीम धरून भाव करतात. त्यात डोंगरातल्या वणव्यांमुळे घरांच्या विम्यातूनही कंपन्या काढता पाय घेताहेत. आणि घराच्या विम्यातून डेकेअरचं काही भागत नाहीच. त्याला वेगळी पॉलिसी किंवा वेगळी पुरवणी लागते.

2,150 म्हणजे महिन्याला 180 च्या आसपास. ऐकायला फार वाटत नाही. पण माझ्याकडची दोन मुलं सरकारी व्हाउचरवर आहेत, म्हणजे त्यांची फी सरकारकडून येते आणि दरही सरकारच ठरवतं. वाढ लावायची तर उरलेल्या चौघांवर. त्यातल्या एकाच्या वडिलांची नोकरी जानेवारीत गेलेली. शिवाय घरभाडं मार्चपासून वाढलं होतं. नवऱ्याने कागदावर हिशेब मांडला, मी तो पुसला, त्याने परत मांडला. शेवटी ठरलं की दोन-तीन महिने ॲफिडेव्हिटवर काढू आणि मग बघू. कायद्यानेच वाट ठेवली आहे, आपण काही चोरी करत नाही, असं आम्ही दोघांनी एकमेकांना दोन-तीनदा तरी सांगितलं असेल.

मंगळवारी सकाळी साडेसातला दाराशी क्लिपबोर्ड घेऊन उभी राहिले. अकरा वर्षांत या दारात मी डबे घेतलेत, तापाची औषधं परत पाठवलीत, रडणाऱ्या आयांना चहा पाजलाय. पण "माझ्याकडे तुमच्या मुलासाठी विमा नाही, इथे सही करा" हे बोलताना जीभ टाळूला चिकटली.

पहिली आई आली ती ट्रकवाल्याची. (मुलांची खरी नावं लिहीत नाही. याच्या हातात सदा एक पिवळा ट्रक असतो.) ती नाशिककडची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. गाडी चालूच होती. "काकू, तुम्ही आहात ना? मग झालं तर!" म्हणत तिने कागद गाडीच्या बॉनेटवर टेकवून सही केली. तिने वाचावं म्हणून मी दोन वाक्यं मोठ्याने बोलले, ती तिने पावसात ऐकली असतील तर असतील.

दुसरी चिमणीची आई. चिमणी आठ महिन्यांची. ही बाई एका विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात काम करते, हे मला माहीत होतं. म्हणून तिचीच धास्ती होती. तिने बूट काढले, आत येऊन मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. घर भाड्याचं असलं की त्यात आणखी एक वाक्य असतं: घरमालकाचा विमा असलाच तरी तो डेकेअरमधल्या नुकसानीला लागू पडेलच असं नाही. त्यावर तिने बोट ठेवलं. "मालकाला सांगितलंत?" मी म्हटलं, सांगितलं. "काय म्हणाला?" म्हटलं, फार खूश नाही. ती हसली. मग म्हणाली, "यात मला फक्त कळवलं आहे. मी कुठलाही हक्क सोडत नाहीये. हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक नव्हतं. म्हणजे शब्द वाचले होते, पण मनात कुठेतरी धरून चालले होते की सही झाली म्हणजे मी सुटले. तिने सही केली, तारखेशेजारी वेळ घातली, मोबाइलवर फोटो काढला आणि चिमणीच्या कपाळाचा पापा घेऊन कामावर गेली.

लाडूला सोडायला आजोबा आले. ते कौतुकाने पेन उघडून बसले. त्यांना सांगावं लागलं, "तुमची सही चालत नाही, आई किंवा वडिलांचीच लागते." "मी तर याच्या बापाचा बाप आहे," ते म्हणाले. त्यांचा कागद संध्याकाळवर गेला. बाकी तिघांचं भराभर उरकलं.

साडेदहाला मी चिमणीचा डायपर बदलत होते. मुलांकडे तोंड करूनच बदलते, तशी टेबलाची मांडणीच केली आहे. ट्रकवाला शेल्फकडून खिडकीकडे धावला. पायात मोजे. पावसात बूट भिजले म्हणून काढले होते, आणि मोजे काढायचे माझ्याकडून राहिले. सपाट लाकडी जमीन, चार पावलं, आणि हनुवटी थेट बुटक्या टेबलाच्या कडेवर. आवाज लहानसाच झाला, बशीवर चमचा पडावा तसा.

चिमणीला पाळण्यात ठेवून मी पोचेपर्यंत रक्त ट्रकच्या चाकांवर टपकत होतं. जखम अर्ध्या इंचाची असेल, पण हनुवटीचं रक्त थांबता थांबत नाही. गॉज दाबून धरलं, दात पाहिले, जीभ पाहिली, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. लाडू स्वतःची लाळेरी काढून घेऊन आला आणि "घ्या" म्हणाला. बाकीची तिघं एका सुरात रडत होती. एका हाताने हनुवटी आणि दुसऱ्या हाताने फोन. नाशिककर आई पंचवीस मिनिटांत आली.

ती पंचवीस मिनिटं मी 12:01 चा विचार केला. लाज वाटते, पण केला. मांडीवर तीन वर्षांचा मुलगा हुंदके देतोय आणि माझ्या डोक्यात चाललंय की हे काल झालं असतं तर.

अर्जंट केअरमध्ये, म्हणजे तातडीच्या दवाखान्यात, तीन टाके पडले. आईने तिथून फोटो पाठवला: हनुवटीवर पट्टी, हातात ट्रक, तोंडभर हसू. "काकू, टेन्शन घेऊ नका. को-पे भरला, विषय संपला." को-पे म्हणजे आरोग्य विमा असला तरी आपल्या खिशातून भरायचा वाटा.

डॉक्टरकडे न्यावं लागेल अशी दुखापत झाली की लायसन्सिंगला पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत फोन आणि सात दिवसांत लेखी अहवाल द्यावा लागतो. मी त्याच दुपारी, मुलं झोपलेली असताना, दर पंधरा मिनिटांनी चिमणीचा श्वास बघून तक्त्यात लिहायचं काम चालू ठेवून, फोन केला. संध्याकाळी लाडूच्या बाबांनी सही केली. सहा कागद झाले.

पुढच्या आठवड्यात लायसन्सिंगच्या बाई न सांगता आल्या. टेबलाची कड हाताने चाचपली. मी तोवर चारही बाजूंना रबर लावलं होतं. मुलांच्या फायली काढायला सांगितल्या. सहा फायली, सहा एलआयसी 282. त्यांनी एकेक सही बघितली आणि तक्त्यात खूण केली. विमा, बाँड की ॲफिडेव्हिट, यांपैकी एक आहे, झालं. मग त्यांनी आगीच्या सरावाची वही मागितली. सराव दर सहा महिन्यांनी करायचा असतो, माझ्या वहीतल्या शेवटच्या तारखेला सात महिने होऊन गेले होते. त्यावर टाइप बी चा, म्हणजे कमी गंभीर प्रकारचा, ठपका आला आणि दुरुस्तीला दिवस ठरवून मिळाले. त्याच दुपारी सहा मुलांना एका दोरीला धरून अंगणात नेलं, ट्रकवाला सायरन झाला.

बिनविम्याची बाई म्हणून माझ्यावर एक अक्षर लिहिलं गेलं नाही. त्या बाईंची चूक नाही. नियमाने जे बघायला सांगितलं ते त्यांनी बघितलं.

पाच आठवड्यांनी नाशिककर आई एक पाकीट घेऊन आली. या वेळी गाडी बंद केली होती. तिच्या आरोग्य विमा कंपनीचं पत्र होतं: आपल्या मुलाच्या अमुक तारखेच्या उपचारांबाबत माहिती हवी. अपघात कुठे झाला? ती जागा कोणाची? या दुखापतीला दुसरी व्यक्ती किंवा तिचा विमा जबाबदार असू शकतो का?

"काकू, मी काही दावा-बिवा लावलेला नाही हो," ती दारातच म्हणाली. "हे त्यांनी आपणहून पाठवलंय."

मला चिमणीच्या आईचं बोट आठवलं. संध्याकाळी ती आली तेव्हा तिला पत्र दाखवलं. तिने नेहमीसारखं बसून वाचलं. आरोग्य विमावाले आपले पैसे दुसऱ्याकडून वसूल होतात का हे बघतात, ती म्हणाली. अशी पत्रं तिच्या टेबलावर रोज येतात. तीन टाक्यांसाठी कदाचित पुढे कोणी काही करणार नाही. "पण हात मोडला असता तर," ती म्हणाली आणि थांबली. ट्रकवाल्याच्या आईने पावसात बॉनेटवर जी सही केली होती, ती तिची आणि माझी. ही तिसरीच, आरोग्य विम्याची कंपनी त्या दारात उभीच नव्हती.

"काय लिहू?" नाशिककर आईने विचारलं. मी म्हटलं, झालं ते लिही. आम्ही दोघी बुटक्या खुर्च्यांवर बसलो. तिने माझा पत्ता लिहिला, मी तिला पिनकोड सांगितला.

त्याच आठवड्यात एजंटला फोन करून चौथ्या कंपनीचा अर्ज मागवला. महिन्याच्या हप्त्याने भरायचं ठरवलं आणि चौघांची फी वाढवली. ज्यांची नोकरी गेली होती त्यांना जमलं नाही; ते आजीला इंदूरहून बोलावणार आहेत. अर्ज आठ पानांचा होता. कुत्रा आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, ट्रॅम्पोलिन आहे का. नाही, नाही, नाही. सातव्या पानावर होतं: गेल्या पाच वर्षांत आपल्या देखरेखीखाली कोणाला दुखापत झाली आहे काय? असल्यास तपशील द्या.

एजंट म्हणाला होता की या रकान्यावर भाव वर जाऊ शकतो. पेन उचललं आणि लिहिलं: एक. हनुवटी, तीन टाके.